कर्करोगमुक्तांनी मधुमेहाकडेही लक्ष द्यावे

बालपणीच्या कर्करोगातून बरे झालेल्यांच्या दीर्घकालीन देखरेखीसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये ‘ॲक्ट क्लिनिक’ सुरू केले. रक्ताच्या कर्करोगावरील स्टेरॉइड व ॲस्पॅराजिनेज या औषधांनी उपचारकाळात रक्तातील साखर वाढू शकते. पोटावर किरणोपचार झाले असल्यास स्वादुपिंडाला इजा पोहोचून अनेक वर्षांनी, ऐन तारुण्यातही मधुमेह जडण्याचा धोका वाढतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून परळची वारी नोकरी-संसाराच्या धबडग्यात खंडित होऊ शकते. म्हणून जुन्या उपचारांची कागदपत्रे जपून ठेवावीत व जवळच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवावीत. उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी ही साधी रक्ततपासणी आपल्याच शहरात करून घेता येते.