एकशे दहा मैल चालून परीक्षेला

फेब्रुवारी लागला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यापेक्षा दहावीचंच बोलणं जास्त होतं. मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरगी रात्री तीनला उठून बसते. पोटात कळ येते म्हणते. घरी विचारलं तर सगळं येतं, पेपर समोर आला की पाटी कोरी." मग हळूच म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात, यंदा नापास झाली तर उरकून टाकू." म्हणजे लग्न.

ती कळ माझ्या ओळखीची आहे. माझं दहावीचं केंद्र दुसऱ्या गावात होतं आणि ती शाळा मी पेपरच्या दिवशीच पहिल्यांदा पाहिली. गणिताच्या पेपरात पहिली वीस मिनिटं मी आसन क्रमांक बरोबर टाकला का, हेच पुन्हा पुन्हा बघत होते. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला, तेव्हा या भीतीचा माग काढायची खोड लागली.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. सव्वाशेच्या वर मुलं बसली, पास झाली वीस-बावीस. पास होणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते, ते आपल्याला ठाऊक आहेत. बाकीच्या शंभरेक मुलांचं घरी गेल्यावर काय झालं, ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही. त्या परीक्षेचं काम चाळणीचं होतं. विद्यापीठात कोणाला घ्यायचं तेवढं ती ठरवायची. नोकरी, लग्न, घराण्याची अब्रू हे सगळं तिच्या पाठीवर नंतर आपणच लादलं.

आता महर्षी कर्व्यांची गोष्ट. ते दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. 1875 मध्ये त्यांना मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं. तिच्यासाठी वयाची सतरा वर्षं पुरी लागत आणि ती त्यांची झाली होती. ऐन पावसाळ्यात, सोबत्यांबरोबर, कुंभार्ली घाट चढून ते साताऱ्याला पायी गेले. सुमारे 110 मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. तिथे परीक्षा मंडळाच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. झालं. पेपर न देताच परत. अभ्यास कमी पडला असता तर एक वेळ मनाची समजूत घालता आली असती, इथे तर नुसती अंगकाठी आडवी आली! पुढच्या वर्षी ते कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा पास झाले, 1881 मध्ये मॅट्रिक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

मला त्यांच्या चालण्याचं कौतुक आहेच, पण जास्त वाटतं ते पुढचं. याच माणसाने 1916 मध्ये बायकांसाठी वेगळं विद्यापीठ काढलं आणि शिकवणं मातृभाषेत ठेवलं. पोरींना झेपेल तेवढंच शिकवता का, अशी टीका झाली. तरी 1921 मध्ये तिथून पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. परीक्षेचे नियम माणसांनी केलेले असतात आणि माणसांना ते बदलता येतात, हे मला त्यातून कळलं.

आपल्या दहावीचं वय त्या मानाने फार नाही. अकरावीची जुनी एस.एस.सी. जाऊन दहावीची 1975 मध्ये आली. मग कितीतरी वर्षं गुणवत्ता यादी आणि पेपरात पेढे भरवतानाचे फोटो. त्या यादीचा धाक यादीत कधीच न येणाऱ्या घरांनाही बसला. आता ती यादी बंद आहे. नापास झालं तर पूर्वी ऑक्टोबरची वाट बघावी लागे, 2015 पासून फेरपरीक्षा साधारण जुलैच्या सुमारासच होते, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. 2021 मध्ये कोरोनामुळे परीक्षाच रद्द झाली, निकाल 99.95 टक्के लागला. त्या मुलांना लोक अजून टोमणे मारतात, ते मला आवडत नाही. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. आमच्या गटातल्या दोघी तो भरून लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बसल्या आणि पास झाल्या.

हे सगळं मी त्या ताईंच्या घरी जाऊन सांगितलं, मुद्दाम सासूबाई समोर असताना. जुलैचं त्यांना माहीतच नव्हतं. "म्हणजे दोन-चार महिन्यांत परत बसता येतं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. लग्नाचं त्या पुढे काही बोलल्या नाहीत. नाही म्हणाल्या असंही नाही, पण पोरीच्या ताटात त्यांनी स्वतःहून भाकरी वाढली.

पोरीला मी एवढंच सांगितलं की रात्री तीनला उठलीस तर पुस्तक उघडू नकोस, पाणी पी आणि आईला उठव. पेपर हातात आला की पेन खाली ठेवून चार श्वास सावकाश घे, आणि जो प्रश्न येतो तो आधी लिही. जुने पेपर घरी घड्याळ लावून, जेवायच्या पाटावर नाही तर बाकावर बसून सोडव, म्हणजे तीन तास बसायची अंगाला सवय होते. मंडळ परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं, ते शाळेच्या फलकावरून उतरवून घ्या.

येत्या रविवारी गटातल्या सगळ्या दहावीच्या मुलींना आम्ही केंद्र दाखवायला नेणार आहोत. एस.टी. सकाळी साडेनऊची आहे. वर्ग, पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह, सगळं बघून येऊ. आयांनीही यावं. डबे घरूनच घ्या, तिथे जवळ हॉटेल नाही.