गृहधर्म कोणीं शिकावा ?

एखाद्या समाजाची नीति पाहावयाची असली, तर त्याचे धर्मग्रंथ चाळण्याबरोबरच त्यानें आपल्या लेकीसुनांच्या हातीं कोणतीं पुस्तकें दिलीं हेंही पाहावें. धर्मग्रंथांत आदर्श सांपडतो. घरांत वाचावयाच्या पुस्तकांत त्या आदर्शाचें ओझें कोणाच्या शिरावर ठेविलें होतें तें दिसून येतें. एकोणिसाव्या शतकांतील मराठी ख्रिस्ती कुटुंबांचें वाचन या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. तें बहुधा धर्मप्रसाराचें साहित्य म्हणूनच पाहिलें जातें. आम्ही येथें त्याकडे गृहशिक्षणाचें साहित्य म्हणून पाहणार आहों.

ख्रिस्ती झालेल्या मनुष्याचा पूर्वीच्या आप्तेष्टांशीं संबंध पुष्कळदा तुटे. त्याच्या बायकोला सासूचा जाच राहत नसे, परंतु सासूचें शिक्षणही राहत नसे. व्रतें, सण, ओव्या, आजीच्या कहाण्या यांतून जें वळण आपोआप लागावयाचें, तें आतां पुस्तकांतून लावणें प्राप्त झालें. म्हणून त्या घरांत पुस्तकाला वडीलधाऱ्या माणसाची जागा मिळाली. बनियनच्या सुप्रसिद्ध रूपककथेचें हरि केशवजी यांनीं केलेलें ‘यात्रिकक्रमण’ हें भाषांतर १८४१ सालीं निघालें. पुढच्याच वर्षीं अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ सुरू झालें. १८४७ त संपूर्ण बायबल मराठींत आलें. आणि १८७३ पासून मुलांसाठीं ‘बालबोधमेवा’ निघूं लागला. एवढी सामग्री तीसबत्तीस वर्षांत तयार व्हावी, यावरून गरज किती निकडीची होती हें कळतें.

या लेखकवर्गांत बाबा पदमनजी हे अग्रगण्य. बाप्तिस्मा घेण्याच्या दोन वर्षें आधींच, १८५२ त, त्यांनीं स्त्रियांच्या विद्याभ्यासावर निबंध लिहिला होता. १८५७ सालचें त्यांचें ‘यमुनापर्यटन’ मराठींतील आरंभींच्या कादंबऱ्यांत गणलें जातें. विधवापुनर्विवाहाचा कायदा होऊन तेव्हां एकच वर्ष झालें होतें. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करिते, ठिकठिकाणच्या विधवांचीं दुःखें पाहते, आणि अखेर तेंच दुःख तिच्या वांट्यास येतें. धर्मप्रसाराचा हेतु या पुस्तकांत उघड आहे. तथापि नवराबायको बरोबरीनें बोलतात, एकमेकांचें ऐकून घेतात, असा संसार त्यानें मराठी वाचकांपुढें मांडिला, हें श्रेय त्याचें त्यास दिलेंच पाहिजे.

निव्वळ गृहशिक्षणाचा नमुना मात्र बंगालचा होता. हॅना कॅथरीन मलेन्स या मिशनरी बाईनें १८५२ त देशी ख्रिस्ती बायकांसाठीं फुलमणी आणि करुणा या दोघींची कथा बंगालींत लिहिली, व ती पुढें अनेक भारतीय भाषांत गेली. फुलमणीचें घर स्वच्छ, मुलें आज्ञाधारक, प्रार्थना नियमित. करुणेचें घर अस्ताव्यस्त, नवरा दारूबाज, मुलगा वाईट मार्गास लागलेला. कथा साधी व पुष्कळ ठिकाणीं हृदयस्पर्शी आहे. परंतु तिच्या रचनेंतच एक न्याय गृहीत धरलेला आहे. नवरा पितो, तरी आधीं सुधारावयाचें करुणेनें. घर मोडलें तर तें बाईच्या हातून मोडलें, हा जुन्या समाजाचा सिद्धांत नव्या धर्माच्या घरांतही तसाच शिरला.

पंडिता रमाबाईंचें ‘स्त्रीधर्मनीति’ १८८२ त निघालें तेव्हां त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा पुढच्या वर्षीं इंग्लंडांत वाँटिज येथें झाला, आणि तिकडे जाण्याच्या खर्चास या पुस्तकाच्या उत्पन्नाचा हातभार लागला. विद्या, स्वावलंबन, विवाह, गृहकृत्यें, बालसंगोपन असे यांतील विषय आहेत. त्याच वर्षीं त्यांचे पति निवर्तले होते व पदरीं लहान मुलगी होती. स्वतःचा संसार मोडलेला असतां या विदुषीनें इतरांच्या संसाराची घडी बसविण्याचे नियम लिहिले. त्यांचा उपदेश तळमळीचा आहे. पण बोल लावावयाचा तो त्याही बहुतेक स्त्रियांच्याच अज्ञानास व आळसास लावितात.

याच वर्षीं वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या एका बाईचें पुस्तक पुण्यास छापून निघालें. तिचें नांव ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरींत नोकरीस असून सत्यशोधक मताचे होते. घाटमाथ्यावरच्या या लहानशा जिल्ह्याच्या गांवीं बसून ताराबाईंनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. प्रती ५०० काढिल्या व किंमत ९ आणे ठेविली. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेचें होतें. आपल्या अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल १८८१ त तिला फांशीची शिक्षा सांगण्यांत आली, पुढें ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांनीं या एका प्रकरणावरून सगळ्या स्त्रीजातीस झोडपण्यास आरंभ केला. ताराबाईंचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं जे दुर्गुण स्त्रियांच्या माथीं मारितां ते पुरुषांत नाहींत काय ? आणि असल्यास एकट्या बाईलाच शिक्षा कां ? ‘मंजुघोषा’, ‘मुक्तामाला’ असल्या कादंबऱ्यांचाही त्यांनीं समाचार घेतला आहे. जोतीराव फुले यांनीं १८८५ त ‘सत्सारां’त त्यांची बाजू उचलून धरली. पुढें पुस्तक विस्मृतींत गेलें, तें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हा उजेडांत आणिलें.

ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या व ख्रिस्ती कुटुंबांसाठीं त्यांनीं लिहिलेंही नाहीं. तरी करुणेच्या कथेस जो प्रश्न विचारावयास पाहिजे होता तो नेमका त्यांनींच विचारिला. बुलढाण्याच्या सभोंवार तीं नवीं घरें तेव्हां उभीं राहत होतीं किंवा लवकरच उभीं राहावयाचीं होतीं. शेजारच्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रि यांनीं बेथेल हें ख्रिस्ती लोकांचें गांव वसविलें होतें. शतकाच्या अखेरीस अकोला व खामगांव येथें अमेरिकन मिशनरी काम करूं लागले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनीं असंख्य मुलें पोरकीं केलीं. मिशनच्या अनाथाश्रमांत व रमाबाईंच्या केडगांवांत तीं वाढलीं. ज्यांनीं आईबापांचा संसार नीट पाहिलाच नाहीं, त्यांना संसाराची ओळख पुस्तकानेंच व्हावयाची. अशा वेळीं त्या पुस्तकांत न्याय एकतर्फी असला, तर पुढच्या पिढीचीं घरेंही त्याच मापानें बांधलीं जाणार, हें उघड आहे.

याचें उत्तर ख्रिस्ती घरांतूनच आलें, पण पन्नास वर्षांनीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ त बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पांचएक वर्षें दूर राहिल्या, आणि मग १९०० सालीं स्वतःच्या बुद्धीनें त्याच धर्मांत आल्या. या ग्रंथांत उपदेशाचें प्रकरण एकही नाहीं. टिळकांचा तापटपणा, पैशाविषयीं त्यांची बेफिकिरी, बाईंचें सोवळें, त्यांचे हट्ट, हें सारें त्यांनीं सारख्याच मोकळेपणानें व हंसतमुखानें सांगितलें आहे. फुलमणीच्या घरीं कोणी चुकत नाहीं. टिळकांच्या घरीं दोघेंही चुकतात, आणि दोघेंही शिकतात. संसार उभा राहतो तो यामुळें.

ख्रिस्ती असो वा हिंदु, आपल्या घरच्या कपाटासाठीं गृहधर्माचीं पुस्तकें निवडणाऱ्यांस आमची सूचना एवढीच, कीं जुनीं उपदेशपर पुस्तकें टाकूं नयेत. त्यांत टापटीप, आरोग्य व मुलांविषयींची कळकळ आहे. परंतु त्यांच्या शेजारीं बुलढाण्याच्या बाईंचें पुस्तकही ठेवावें, आणि दोन्हीं प्रकारचीं पुस्तकें लेकीसुनांइतकींच मुलग्यांना व जांवयांनाही वाचावयास द्यावींत.