स्प्रिंग मिल राज्य उद्यान

अमेरिकेच्या इंडियाना राज्याच्या दक्षिण भागातील संरक्षित उद्यान. क्षेत्रफळ सु. १,३५८ एकर. लॉरेन्स परगण्यात, मिचेल (लोकसंख्या ४,३५०; २०१०) या गावाच्या पूर्वेस सु. ५ किमी.वर आहे. प्रदेश चुनखडकाचा, खडक पाण्यात विरघळून गुहा, खळगे व झरे तयार झाले आहेत.

१८१७ मध्ये येथे तीनमजली दगडी पिठाची गिरणी बांधण्यात आली. हेमर गुहेतील झऱ्याचे पाणी लाकडी पन्हळीतून आणून तिचे चाक फिरवीत. १८३२ मध्ये हेमर बंधूंनी ती विकत घेतली. गिरणीभोवती चर्मालय, दारूची भट्टी, औषधाचे दुकान अशी वस्ती वाढली. १८५० नंतर रेल्वे मिचेलवरून गेली. व्यापार तिकडे वळला आणि शतक सरता सरता गाव ओसाड पडले. आज जुने गाव पाहावयास मिळते ते या उपेक्षेमुळेच. भरभराट टिकती, तर जुनी घरे राहिली नसती. गिरणीत आजही मका दळतात व पीठ विकतात.

शेजारची जमीन १८६५ मध्ये जॉर्ज डोनाल्डसन या स्कॉटिश गृहस्थाने घेतली. त्याने तेथे शिकार आणि वृक्षतोड दोन्ही होऊ दिली नाहीत. ६७ एकरांचे मूळचे अरण्य या एका माणसाच्या हट्टामुळे उरले. त्यात पांढरे ओक व ट्यूलिप वृक्ष आहेत. डोनाल्डसन १८९८ मध्ये वारला. पुढे ही जमीन इंडियाना विद्यापीठाकडे आली आणि प्राणिशास्त्रज्ञ कार्ल आयगेनमान यांनी येथील गुहांतील अंध माशांचा अभ्यास केला (ग्रंथ १९०९). हा फिकट, डोळ्यांचा उपयोग गमावलेला मासा उद्यानाचे खरे वैभव होय. मादी अंडी कल्ल्यांच्या पोकळीत सांभाळते. इंडियानातील हे मासे वेगळ्या जातीचे असल्याचे २०१४ मध्ये मांडण्यात आले. जुळ्या गुहेत होडीतून जाता येते. गुहांत वटवाघळेही आहेत.

१९२७ मध्ये उद्यानाची स्थापना झाली. राज्य उद्यानांचे प्रवर्तक रिचर्ड लीबर यांच्या पुढाकाराने गिरणीभोवतीच्या गावाची पुनर्बांधणी झाली. १९३० नंतरच्या मंदीत सरकारी श्रमदलातील तरुणांनी बरीच कामे केली. उद्यानातील तळे गाळाने उथळ होत आहे. मिचेल येथे जन्मलेले अंतराळवीर गस ग्रिसम (१९२६–६७) यांचे स्मारक उद्यानात असून १९६५ च्या ‘जेमिनी ३’ मोहिमेतील त्यांचे यान तेथे ठेवले आहे.

परिसरात सिमेंट व इमारती दगडाचा उद्योग चालतो. पर्यटकांसाठी निवासगृह आहे.