नगरचा किल्ला आणि किल्लीचे घड्याळ

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्यापासून आरंभ करतात. मनगटी घड्याळाचा इतिहास मात्र रणांगणापासून आणि, वाचकांस चमत्कारिक वाटेल, बंदिवासापासूनही सांगता येतो. तो तसा सांगावयाचा तर अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यासारखे सोयीचे गाव महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुरुषाचे घड्याळ खिशात असे. ते मनगटावर बांधणे हा बायकांचा शृंगार समजला जाई. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांचे बोअर लोकांशी युद्ध झाले. त्यात दूरदूरच्या तुकड्यांस एकाच क्षणी हालचाल करावी लागे, आणि हातात लगाम असता खिशातून घड्याळ काढणे अधिकाऱ्यांस अडचणीचे होई. म्हणून कित्येकांनी खिशातलीच घड्याळे चामड्याच्या वाटीत बसवून मनगटास बांधली. त्याच युद्धात पकडलेले बोअर कैदी इंग्रजांनी समुद्रापार धाडले, आणि त्यांपैकी पुष्कळ नगरास येऊन पडले.

पुढे १९१४ चे महायुद्ध पेटले. हिंदुस्थानात राहणारे जर्मन नागरिक, मिशनरीसुद्धा, नगरच्याच छावणीत कोंडण्यात आले. तिकडे फ्रान्सच्या खंदकांत तोफांचा मारा आणि पायदळाची चाल ठरल्या मिनिटास जुळवावी लागे. मनगटावरील घड्याळ ही तेथे जीवनमरणाची वस्तू झाली. त्या युद्धानंतर तिला बायकी म्हणण्याची कोणाची छाती उरली नाही. मुंबई-कलकत्त्यास स्विस घड्याळे विकणाऱ्या वेस्ट एंड कंपनीने तर आपल्या एका घड्याळास ‘सोवार’, म्हणजे आपला स्वार, हेच नाव दिले. या सर्वांत कार्यकारणसंबंध आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या दोन युद्धांनी हे घड्याळ घडविले, त्या दोहोंचे बंदी एकाच गावाने पाहिले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा खरा.

या घड्याळाची रचना साधी आणि विलक्षण आहे. किल्ली दिली की डबीतील पोलादी कमान आवळली जाते. ती उलगडू पाहते, आणि तिचा जोर चाकांच्या माळेतून पुढे जातो. शेवटच्या चाकापाशी दोन बोटांचा एक अंकुश दर वेळी एकच दात सोडतो, आणि केसासारख्या बारीक कमानीवर मागेपुढे झुलणारे एक चाक त्याचा ताल राखते. असे ताशी १८,००० ठोके, म्हणजे सेकंदास पाच. एकदा दिलेली किल्ली सुमारे दीड दिवस पुरते. विसरलात की घड्याळ थांबते.

परंतु हे ठोके कोणाची वेळ मोजतात? १ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशास साडेब्याऐंशी रेखांशाची एक प्रमाणवेळ लावली. नगर सुमारे पावणेपंचाहत्तर रेखांशावर आहे. तेव्हा तेथे सूर्य माथ्यावर येतो तो, सरासरीने, घड्याळात साडेबारा उलटून गेल्यावर. मुंबईकरांनी या वेळेस विरोध केला व आपली जुनी वेळ कित्येक दशके सोडली नाही. परक्या सत्तेने नेमून दिलेला मध्यान्ह त्यांस आपला वाटेना. एक वेळ असण्याची सोय कोणीच नाकारीत नव्हते. ती न विचारता लादली गेली, हे शल्य होते.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद नगरच्या भुईकोटात आणण्यात आले. येथे तर सारा दिवसच परक्याच्या हाती. तथापि मौलाना आझाद पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतः चहा करीत आणि धाडता न येणारी पत्रे लिहीत. तीच पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच लिहिले. बेडीतला वेळही स्वतःचा करता येतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मौज अशी की, १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरास घड्याळांचा कारखाना काढला, आणि त्यातली पहिली किल्लीची घड्याळे बाहेर पडली ती याच नेहरूंच्या हस्ते. पुढे त्या कारखान्याच्या एका घड्याळास ‘जनता’ हे नाव मिळाले. जे यंत्र साम्राज्याच्या अधिकाऱ्याने लढाईसाठी मनगटास बांधले, ते आता शाळामास्तरांच्या व कारकुनांच्या हातावर आले. १९६९ मध्ये जपानात क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ विक्रीस आले, त्याने किल्लीची गरज संपविली. २०१६ मध्ये सरकारने एच.एम.टी.चा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला.

बॅटरीचे घड्याळ अधिक अचूक चालते, हे निर्विवाद. पण ते आपल्याकडे काहीच मागत नाही. किल्लीचे घड्याळ रोज सकाळी मालकाची आठवण तपासून पाहते, आणि दुर्लक्ष झाले तर निमूटपणे थांबून तसे सांगते. स्वातंत्र्याचेही बहुधा असेच असावे. पूर्वजांनी दिलेली किल्ली फार दिवस पुरत नाही.