चिनी गायकीचा बदलता आवाज

चीनमधील अभिजात गायन शतकानुशतके रंगभूमीच्या आश्रयाने वाढले. सोळाव्या शतकात सुझौजवळच्या कुन्शान भागातील चालींवर वेई लिआंगफू याने संस्कार केले आणि कुन्छू ही गायकी आकाराला आली. चिनी भाषेत उच्चाराचा चढउतार बदलला की अर्थ बदलतो. त्यामुळे चाल शब्दाच्या मागे जाते. प्रत्येक शब्दाचा आरंभ, मध्य आणि शेवट वेगवेगळा सांभाळणे ही या गायकीची पहिली अट. पुढे १७९० मध्ये छ्यानलोंग सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सोहळ्यासाठी आन्हुईच्या नाटकमंडळ्या बीजिंगमध्ये आल्या आणि त्यांच्या गायनातून हळूहळू पेकिंग ऑपेरा घडला. त्यात आवाज ठरतो तो भूमिकेवरून. प्रौढ पुरुष नैसर्गिक आवाजात गातो, तरुण नायक आणि तरुण स्त्री उंच फॉल्सेटोत, म्हणजे नैसर्गिक पल्ल्यापलीकडे चढवलेल्या आवाजात, तर रंगवलेल्या चेहऱ्याचे पात्र नाकातून घुमणाऱ्या भरदार आवाजात. झांजा आणि घंटांच्या गजरातून, उघड्या मंचावरून शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचे तर आवाज टोकदारच हवा. युरोपीय कानांना तो कर्कश वाटला, याचे नवल नाही.

बाहेरच्या जगाशी गाठ प्रथम पडली ती दक्षिणेच्या कँटनी ऑपेराची. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेलेल्या मजुरांपाठोपाठ १८५२ मध्ये एक कँटनी मंडळी सॅन फ्रान्सिस्कोत प्रयोग करू लागली. आग्नेय आशियातील बंदरांतही या नाटकांना हक्काचा प्रेक्षक होता. १९२०-३० च्या दशकांत हाँगकाँग आणि क्वांगचौच्या मंडळ्यांनी व्हायोलिन आणि सॅक्सोफोन बिनदिक्कत वाद्यवृंदात घेतले, रंगभूमीवरची उत्तरेकडची बोली सोडून कँटनी भाषा स्वीकारली आणि तरुण नायकाला फॉल्सेटोतून नैसर्गिक आवाजात आणले. इतका मोठा बदल कोणत्याही सरकारी धोरणाशिवाय, तिकीटविक्रीच्या जोरावर झाला.

ग्रामोफोनचा परिणाम वेगळ्या प्रकारचा होता. फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित करून पुढे निघाला आणि १९०३ मध्ये शांघायला पोहोचला. त्यानंतर फ्रान्सच्या पाथे कंपनीनेही तिथे जम बसवला. तबकडीवर काही मिनिटेच मावत, म्हणून लांबलचक पदांतले निवडक तुकडे गाण्याची रीत पडली. १९१७ मध्ये निवर्तलेल्या तान शिनपेई या नटाच्या मोजक्या तबकड्या पुढच्या पिढ्यांनी बारकाईने गिरवल्या. गुरूसमोर न बसताही ढंग उचलता येऊ लागला.

मेई लानफांग या स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाने १९१९ मध्ये जपानचा, १९३० मध्ये अमेरिकेचा आणि १९३५ मध्ये सोव्हिएत संघाचा दौरा केला. मॉस्कोत त्याचा प्रयोग पाहून जर्मन नाटककार ब्रेख्तने आपली नाट्यविषयक मांडणी पुढे नेली, हे प्रसिद्धच आहे. मात्र अमेरिकी दौऱ्यासाठी निवडलेले प्रवेश छोटे होते आणि भर नृत्य-अभिनयावर होता. बीजिंगचे जाणकार ज्या गाण्यासाठी नाटकाला जात, ते गाणे परदेशात मागच्या रांगेत गेले.

गायनाचा खरा पाया हलवला तो संगीत विद्यालयाने. लाइपझिगमध्ये शिकलेले श्याओ योउमेई आणि शिक्षणतज्ज्ञ त्साय युआनपेई यांनी १९२७ मध्ये शांघायला राष्ट्रीय संगीत विद्यालय काढले. रशियन क्रांतीनंतर अनेक रशियन संगीतकार शांघायमध्ये येऊन राहिले होते. त्यांपैकी व्लादिमीर शुश्लिन या बास गायकाने १९३० च्या दशकात तिथे शिकवले. पोटाच्या आधाराने श्वास, उघडा घसा, सर्व सप्तकांत एकसंध आवाज ही इटालियन शिस्त चिनी विद्यार्थ्यांनी आत्मसात केली. त्याच्या शिष्यांतले शेन श्यांग पुढे नामांकित शिक्षक झाले. पॅरिसमध्ये शिकून १९४७ मध्ये परतलेल्या चौ श्याओयान यांनी तर शांघायमध्ये पिढ्या घडवल्या.

याच काळात दुसरी धारा येनानच्या कम्युनिस्ट तळावर वाहत होती. १९४५ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘पांढऱ्या केसांची मुलगी’ या नाटकात नायिका शी-अरची भूमिका वांग कुन यांनी लोकगीताच्या मोकळ्या गळ्याने गायली. चीनमधील कम्युनिस्ट क्रांतीनंतर दोन्ही धारांचे गायक एकाच मंचावर आले आणि वाद पेटला. युरोपीय पद्धतीच्या गायकांचे शब्द शेतकऱ्यांना आणि सैनिकांना कळत नाहीत, अशी एका बाजूची तक्रार. देशी गायक घसा आवळून गातात, त्यांचा आवाज लवकर थकतो, अशी दुसऱ्या बाजूची. दोन्ही तक्रारींत तथ्य होते. वांग कुन यांनीही १९५० च्या दशकात युरोपीय शिक्षण घेऊन पाहिले, पण आपला ढंग हरवतो असे दिसताच त्या मागे वळल्या. सर्वांत समंजस तोडगा शांघायच्या वांग पिन्सू यांनी काढला. १९५८ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या त्सेतेन डोल्मा या तिबेटी गायिकेला त्यांनी श्वासाचे तंत्र दिले आणि तिच्या आवाजाचा तिबेटी पोत तसाच राहू दिला.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात परकीय संगीतावर जाहीर टीका होत असतानाच सरकारी ‘आदर्श नाटकां’त पाश्चात्त्य वाद्यवृंद आला. १९६८ मध्ये यांपैकी ‘लाल कंदील’मधील पदे पियानोच्या साथीने गायली गेली. वाद्यवृंदामुळे पट्टी कायमची ठरली. पूर्वी पेकिंग ऑपेरातले जिंगहू हे तंतुवाद्य गायकाच्या गळ्याप्रमाणे लावले जाई, ती मोकळीक गेली. तरुण नायकाचा फॉल्सेटोही या नाटकांतून हद्दपार झाला.

१९८० नंतर शेन श्यांग यांचे शिष्य जिन तिएलिन यांनी युरोपीय श्वास आणि चिनी शब्दोच्चार यांची सांगड घालून ‘राष्ट्रीय गायनपद्धती’ला शिस्तबद्ध रूप दिले. ली कुयी, पंग लियुआन आणि सोंग झुयिंग या त्यांच्याच विद्यार्थिनी. सोंग झुयिंग यांनी २००३ मध्ये व्हिएन्नाच्या सुवर्ण सभागृहात गायन केल्यावर ते सभागृह भाड्याने घेऊन कार्यक्रम करण्याची चढाओढच चिनी मंडळ्यांत लागली. मानाचा शिक्का अजून युरोपातूनच मिळवायचा होता. या पद्धतीने आवाज टिकाऊ आणि झळाळता केला खरा, पण हजार गायकांचा एकच आवाज अशी बोचरी टीकाही ओढवून घेतली. सरकारी दूरचित्रवाणीच्या युवा गायक स्पर्धेत २००६ मध्ये ‘मूळ वळणाच्या’ लोकगायनाचा स्वतंत्र विभाग उघडावा लागला, यावरून ती टीका निराधार नव्हती हे दिसते.

कुन्छूची कथा उलट दिशेने गेली. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये १९९९ साली ‘पिओनी मंडप’ या कुन्छू नाटकाचे सर्व ५५ प्रवेश सादर झाले. २००१ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या पहिल्या घोषणेत कुन्छूला स्थान दिले. २००४ मध्ये लेखक बाय श्येनयोंग यांनी याच नाटकाची तरुण कलाकारांसाठी आखलेली आवृत्ती तैपेईत आणली आणि ती विद्यापीठांतून फिरली. बाहेरच्या मान्यतेने इथे जुनी गायकी बदलण्याऐवजी जपण्याला बळ दिले. संगीतकार तान दुन यांच्या ‘पहिला सम्राट’ या ऑपेरात मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये २००६ साली प्लासिडो डोमिंगो आणि तैवानचे पेकिंग ऑपेरा नट वू शिंगकुओ एकाच मंचावर आपापल्या गायकीत उभे राहिले. चीनमध्ये आजही ‘राष्ट्रीय’ गायन संगीत विद्यालयात शिकवले जाते, तर कुन्छू आणि पेकिंग ऑपेरा यांचे शिक्षण नाट्यविद्यालयांत, गुरूच्या तोंडून शब्द न् शब्द घेऊनच होते.