चिखलीवरून जाणारी हवाई वाट

नकाशावर मुंबई आणि नागपूर यांना पट्टी लावून रेघ ओढली, तर ती आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून जाते. चिखली उत्तरेला आणि मेहकर दक्षिणेला ठेवत ती दोघांच्या मधून निघते. अंतर भरतं सुमारे 680 किलोमीटर. रेल्वेला इतकं सरळ जाणं जमलं नाही. ती घाटाखालून मलकापूर, नांदुरा, शेगाव करत 837 किलोमीटर चालते.

माझी नोकरी टपाल खात्यात झाली, म्हणून या वाटेचा इतिहास मी टपालाच्या थैलीपासून मोजतो. 30 जानेवारी 1949 ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून रात्री विमानं निघायची, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या सुमारास आपापल्या शहरी परतायची. त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या पत्रालाही जादा तिकिटाशिवाय विमान मिळू लागलं. आमची गंमत अशी, की मुंबईचं डाकोटा विमान आमच्याच डोक्यावरून जायचं, पण चिखलीच्या पत्राला त्यात बसायचं तर आधी मोटारीने मलकापूर गाठून रेल्वे धरावी लागे.

त्या काळी महाग होता तो वेळ. दिल्लीचं पत्र मद्रासला दुसऱ्या दिवशी पोचावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. वैमानिक जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांचा माग धरून जात, म्हणून वाटा केंद्रामागून केंद्र अशा मोडत जायच्या. पुढे जेट आलं, टपालाची ती रात्रीची फेरी सत्तरच्या दशकात बंद पडली, आणि 1973 च्या तेलसंकटाने इंधन महाग झालं. तेव्हापासून वाट आखणाऱ्याचा डोळा टाकीवर गेला. मे 2020 मध्ये सरकारने सांगितलं, की देशाचं जेमतेम 60 टक्के आकाश प्रवासी विमानांना मोकळं आहे. निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे 1000 कोटी रुपये वाचतील. वळसा वाचला की धूरही वाचतो, हे खरं. पण हिशेब मांडला होता रुपयांचा.

विमानामागच्या पांढऱ्या रेघेचा हिशेब मात्र यात बसत नाही. डाकोटा आठ-दहा हजार फुटांवरून जायचं, त्याला अशी रेघ उमटत नसे. त्यासाठी उणे 40 अंशांच्या आसपासची थंडी लागते आणि आपल्याकडे ती साधारण 35 हजार फुटांवर भेटते. इंजिनातली वाफ काजळीच्या कणांवर गोठते. हवा कोरडी असली तर रेघ दोन मिनिटांत विरते. दमट असली तर पसरून तासन्‌तास तिचा पातळ ढग राहतो आणि जमिनीची उष्णता अडवून धरतो. दिवसा तो थोडं ऊन परतवतो तरी. रात्री नुसतीच ऊब. शास्त्रज्ञांच्या अंदाजात अशा ढगांचा ताप विमानांच्या कार्बन डायऑक्साइडच्या तोडीस तोड येतो, कदाचित जास्तच, आणि तो बहुतेक थोड्याच उड्डाणांमुळे होतो. 2023 मध्ये अमेरिकन एअरलाइन्स आणि गूगल यांनी 70 उड्डाणांवर प्रयोग केला. दमट थर टाळून विमान थोडं वर किंवा खाली नेलं, तर रेघा 54 टक्क्यांनी घटल्या. त्या उड्डाणांना इंधन थोडं जास्त लागलं. म्हणजे पन्नास वर्षं जपलेल्या टाकीला इथे जरा हात लावावा लागतो, आणि कंपन्या अडतात त्या इथेच, असं मला वाटतं.

शिवाय दमट थर कुठे आहे, हे आधी कळायला हवं. हवामान खातं नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला फुगे सोडतं. आमचा जिल्हा दोघांच्या मधला. पण इतक्या थंडीत फुग्यावरचं आर्द्रतामापक यंत्र मंदावतं, आकडा कच्चा येतो. आमच्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीत पावसाचं, पिकांचं, राजाचंही भाकीत सांगतात. 35 हजार फुटांवरच्या दमटपणाची सोय तिथेही नाही.