मगनवाडी ते सेलडोह : वर्धा जिल्ह्यातील एका अर्थविचाराची वाटचाल

वर्धा जिल्ह्याचा आर्थिक इतिहास हा मुख्यतः कापसाचा इतिहास होय. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धाने वऱ्हाड व वर्धेच्या कापसाला परदेशी मागणी आणली आणि १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोचला. तेव्हापासून सेलू तालुक्यातील हिंगणीसारख्या बोर खोऱ्यातील गावांचा संबंध दूरच्या बाजारभावाशी जडला. कापूस गावात पिकावा, गाठी बांधून बाहेर जावा, आणि पिकविणाऱ्याने कापड मात्र विकत आणावे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यावर विचारपूर्वक उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. प्रस्तुत टिपणात त्या प्रयत्नाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा यांचा विचार करावयाचा आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग दिली व मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव पडले. श्रीकृष्णदास जाजू हे संघाचे अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा हे चिटणीस झाले. कुमारप्पा हे व्यवसायाने हिशेबतपासनीस. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला होता. नफ्याचा हिशेब त्यांना अपरिचित नव्हता. त्यात काय धरले जात नाही, हाच त्यांचा प्रश्न होता. मगनवाडीत तेलघाणी, हातकुटीचा तांदूळ, गूळ, हातकागद, मधमाशीपालन यांवर प्रयोग झाले. प्रत्येक धंद्यास लावलेली कसोटी एकच : कच्चा माल गावाचा असता कामाचा मोबदला गावातच राहतो काय?

या विचाराची खरी परीक्षा मजुरीच्या प्रश्नावर झाली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या चरखा संघाने आरंभी खादी स्वस्त करण्यावर भर दिला होता. परंतु स्वस्त खादीचा अर्थ कातणारणीची मजुरी आण्या-पैशांत राहणे, असाच होई. १९३५ मध्ये गांधींनी हा विरोध उघड मांडला. आठ तासांच्या चांगल्या कामास आठ आणे मिळावेत, अशी त्यांची इच्छा होती. तो दर गाठता आला नाही. तथापि निर्वाहापुरत्या किमान मजुरीचे तत्त्व संघाने त्याच वर्षी स्वीकारले. त्यामुळे खादी महाग झाली. गिरणीच्या कापडाशी आधीच अवघड असलेली तिची स्पर्धा अधिकच अवघड झाली, हेही नाकारता येत नाही. मजुरीचा वाढीव भार ग्राहकाने स्वेच्छेने उचलावा, ही अपेक्षा या योजनेच्या मुळाशी होती, आणि तीच तिची सर्वांत नाजूक बाजू होती.

१९३९ च्या सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष म्हणून कुमारप्पांनी सहाशेहून अधिक खेड्यांची पाहणी केली. पुढे तुरुंगात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ लिहिला. त्यात परोपजीवी, लुटारू, उद्यमी, समूहनिष्ठ आणि सेवाप्रधान अशा पाच अवस्था त्यांनी कल्पिल्या आहेत. केवळ नीतिबोध करून ते थांबले नाहीत. एक लाख लोकवस्तीच्या प्रदेशासाठी दरडोई रोज २,८६० उष्मांकांचा समतोल आहार व वर्षाला २५ वार कापड गृहीत धरून कोणत्या पिकास किती जमीन लागेल, याचा तक्ता त्यांनी मांडला. आधी गरज, मग पीक, आणि शेवटी बाजार, असा हा क्रम होता. कापूसपट्ट्यातील शेतकऱ्याच्या नित्य अनुभवाच्या तो नेमका उलट होता.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी कुमारप्पांनी सेलू तालुक्यातीलच सेलडोह येथे पन्नई आश्रम उभारून शेतीचा प्रयोग हाती घेतला. तो फार काळ त्यांच्या हाती राहिला नाही. ते तमिळनाडूत गेले व ३० जानेवारी १९६० रोजी निवर्तले. दरम्यान खादी-ग्रामोद्योगांचा कारभार सरकारी मंडळाकडे व पुढे आयोगाकडे गेला. ज्या मजुरीचा फरक ग्राहकाने सद्बुद्धीने सोसावयाचा होता, तो अनुदान व सवलत यांतून भरून निघू लागला. संस्था टिकल्या, परंतु मूळ प्रश्न मागे पडला.

तेव्हा हा प्रयोग फसला, असे म्हणावे काय? उत्पादनाच्या आकड्यांनी पाहिल्यास गिरणीपुढे तो टिकला नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र स्वस्त वस्तूची उरलेली किंमत कोण चुकती करतो, हा त्याने विचारलेला प्रश्न निकालात निघालेला नाही. कर्ज काढून बियाणे आणणाऱ्या आणि भाव ठरविण्यात काहीच वाटा नसलेल्या विदर्भातील कापूस-उत्पादकाच्या संदर्भात तो आजही तितकाच खरा आहे. मगनवाडीचे उत्तर अपुरे होते. प्रश्न अपुरा नव्हता. वर्धा जिल्ह्याच्या इतिहासकाराने प्रथम त्या प्रश्नाची नोंद घेतली पाहिजे.